बिनफाटकाची वाट

आमच्या वस्तीतून तोकुजी-सानच्या नासपतीच्या बागेत जायचं, तर मधे रेल्वेचे रूळ आडवे येतात. तिथे रुळांमधे फळ्या टाकलेल्या होत्या आणि दोन्ही अंगांना एकेक पिवळा खांब होता. खांबावर पाटी: थांबा, बघा, ऐका. ना दांडी, ना घंटा, ना दिवा. तरी आम्ही सगळे त्याला फाटकच म्हणायचो. एका डब्याची डिझेल गाडी डोंगराच्या वळणावरून यायची, वळणाआधी शिटीची पाटी होती तिथे शिटी द्यायची आणि समुद्राकडे निघून जायची.

त्या फाटकावर फुसाए गेली.

फुसाए म्हणजे तोकुजी-सानची बायको आणि माझी मैत्रीण. आमच्या दोन घरांच्या मधे चहाच्या झुडपांचं कुंपण आहे. त्यावरून आम्ही वाटीभर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटणही द्यायचो आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्याही. ऑगस्टचा शेवट होता, नासपती काढणीचे दिवस. तोकुजी-सान शिडीवर, आणि फुसाए भरलेली खोकी छोट्या पांढऱ्या ट्रकमधून खाली आणायची. दिवसातून कितीदा ती त्या फळ्यांवरून जायची, आणि दर वेळी आधी थांबायची, काच खाली करायची, कान द्यायची. त्या दिवशीही थांबली असणारच. पण फळ्या अरुंद, ट्रकचं मागचं चाक फळीवरून घसरलं आणि खडीत रुतलं. मी अंगणात गाद्या उन्हात टाकत होते. शिटी ऐकली. मग ब्रेकचा तो आवाज, चिरत जाणारा, आणि मग दुसरा आवाज.

नासपत्या उतारावरून गडगडत आमच्या दारच्या ओहोळापर्यंत आल्या. कितीतरी दिवस तिथेच पडून होत्या. त्यांना हात लावायचं कुणाला धाडस होईना.

गाडीतल्या कुणाला लागलं नाही. रेल्वेची मोठी माणसं काळे कपडे घालून अंत्यविधीला आली, वाकली, गेली. गाडी चालवणारा आला नव्हता. तो दवाखान्यात आहे, असं कुणीतरी म्हणालं. तोकुजी-साननी विचारलंही नाही.

ट्रक तर गेलाच होता. त्यांनी दुसरा घेतला नाही. हातगाडी घेऊन पायी बागेत जायला लागले. जाताना फळ्यांवर मधोमध उभे राहायचे, क्षणभर, कुणाच्या दारात उभं राहावं तसे. मी कुंपणावरून ओरडायची, "तोकुजी-सान, ती काय उभं राहायची जागा आहे?" ते हात हलवायचे आणि पुढे जायचे. आणि बागेत असताना शिटी ऐकू आली, की हातातलं काम टाकून टोपी काढायचे. गाडी दिसेनाशी झाली की टोपी परत डोक्यावर.

मग नगरपालिकेची आणि रेल्वेची माणसं आली. म्हणाली, असली बिनफाटकाची फाटकं आता बंद करायची. नदीकाठचा रस्ता रुळांखालून जातो, तो वापरा. वळसा पडेल, पण माणसं जगतील. वस्तीतल्या सगळ्यांनी संमतीच्या कागदावर, सहीच्या जागी, आपापले शिक्के मारून दिले. एक राहिले, तोकुजी-सान. ज्यांनी सगळ्यात आधी मारायचा तेच अडून बसले.

वस्तीचे प्रमुख हमासाकी-सान त्यांच्याबरोबर शाळेत होते. ते सारखे यायचे.

"तोकुजी, तुझ्याच बायकोचा जीव घेतला त्या फाटकानं. आणि तूच आडवा येतोस?"

"मला लांब पडतं."

"लांब! छोटा ट्रक घे की. सगळे घेतात."

"मी पायी जातो."

"पायी जातो म्हणे! अरे, गुडघे बघ तुझे. जिना चढताना दोघांचाही आवाज येतो, तुझा आणि जिन्याचा."

"मग तू कशाला येतोस ऐकायला?"

ओसाकाहून त्यांची मुलगी मिहोको फोन करायची. फोनवर ते मोठ्याने बोलायचे, मला कुंपणापर्यंत ऐकू यायचं. "हो गं... नाही गं... मला काही होत नाही. एवढी काळजी असेल तर ये नासपत्या काढायला." मग नुसतं "हं... हं..." पलीकडे ती रडत असणार.

खरं कारण त्यांनी मला सांगितलं ते हिवाळ्यात. मी मुळ्याचं लोणचं घेऊन गेले होते. आम्ही पडवीत चहा पीत बसलो होतो. शिटी झाली. त्यांनी कप खाली ठेवला, टोपी काढली, गाडी गेल्यावर पुन्हा कप उचलला.

"फाटक बंद झालं की ते शिटीची पाटी काढतील," ते म्हणाले. "शिटी कशासाठी द्यायची मग? गाडी मुकी जाईल."

"जाऊ दे की. झोप तरी लागेल."

"सुमिए, तिनं शेवटचं ऐकलं ते ही शिटी. ती झाली ना, की मला वाटतं, अजून पुढचं घडायचंय. अजून ती फळ्यांच्या अलीकडे आहे. काच खाली करून बसलीय." ते हसले, कसनुसे. "म्हातारा झालो. तू कुणाला सांगू नकोस."

मी लोणच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यानंतर हमासाकी-सान आले, की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिथून निघून जायची.

बर्फ वितळायला लागलं तेव्हाची गोष्ट. तोकुजी-सान छाटलेल्या फांद्या हातगाडीत भरून बागेतून खाली येत होते. फळ्या ओल्या होत्या, आणि फळी नि रुळाच्या मधल्या फटीत हातगाडीचं चाक अडकलं. मी ओहोळावर भाज्या धूत होते. मला ते ओढताना दिसत होते. शिटी झाली, लांबलचक. मला वाटलं, आता हातगाडी सोडून बाजूला होतील. ते ओढणं थांबवून सरळ उभे राहिले आणि वळणाकडे पाहत राहिले.

मी कशी किंचाळले ते मला आठवत नाही. किंकाळी शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू गेली, असं लोकांनी नंतर सांगितलं. ब्रेक करकरले. तोच चिरत जाणारा आवाज. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती. तिच्यात आणि तोकुजी-सानमधे माझ्या अंगणाएवढंही अंतर नव्हतं.

चालक खाली उतरला. चाळिशीतला, किडकिडीत, पांढरे हातमोजे घातलेला. गाडी थांबली होती तरी तो ओरडतच होता, "सरका! सरका तिथून! सरका!"

तोकुजी-सान जागचे हलले नाहीत. चालक त्यांच्यापर्यंत आला, त्यांचा दंड धरला आणि त्यांना रुळांवरून जवळजवळ ओढून काढलं.

"परत? परत इथेच? परत माझ्याच हातून?" त्याचा आवाज फाटला होता. "तुम्हाला काय वाटतं, मी लाकडाचा आहे?"

मी धापा टाकत पोचले होते. तोकुजी-सान त्याच्याकडे पाहत होते.

"तू होतास?" ते म्हणाले.

"मीच होतो. इनादा." त्याने टोपी काढली. केस घामाने चिकटले होते, एवढ्या थंडीत. "तुम्हाला मी ओळखतो. बागेत टोपी काढून उभे राहता, दर वेळी. मला वाटायचं, मला शाप देता."

"शाप?" तोकुजी-सानचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कशाला शाप देऊ बाबा? मला तर ठाऊकही नव्हतं, आत कोण आहे."

गाडीच्या खिडकीतून एका आजींनी डोकं बाहेर काढलं. "झालं का तुमचं? माझी दवाखान्याची वेळ चुकतेय!"

मग दोघांनी मिळून हातगाडी उचलून बाहेर काढली. मी फांद्या गोळा केल्या. इनादाने चाकांखाली वाकून पाहिलं, बिनतारीवर कुणाशी बोलला, आमच्याकडे वळून खोल वाकला आणि गाडी घेऊन गेला. जाताना शिटी दिली नाही. विसरला असेल.

सुट्टीच्या दिवशी तो आला. साधे कपडे, हातात गोड पुरणाच्या वड्यांचा डबा. दारातच वाकून म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो. वयाचा मान ठेवला नाही."

"आत ये," तोकुजी-सान म्हणाले. "सुमिए, चहा टाक."

पितरांच्या देव्हाऱ्यात फुसाएचा फोटो आहे, सहलीला गेलो होतो तेव्हाचा. वाऱ्याने टोपी उडतेय आणि ती एका हाताने धरतेय. इनादाने उदबत्ती लावली, हात जोडले, आणि तसाच बसून राहिला. चहा निवाला. शेवटी तोकुजी-साननीच विचारलं.

"तू तिला पाहिलंस?"

इनादाने फोटोवरची नजर खाली घेतली.

"मी शिडीवर होतो. पानांतून काही दिसलं नाही. मला कुणी सांगतच नाही. चौकशीवाल्यांनी चाक कसं घसरलं ते सांगितलं. ती कशी होती, ते कुणाला सांगता येईना." त्यांचा आवाज खाली आला. "घाबरली होती का फार?"

"वळण संपलं आणि मला ट्रक दिसला," इनादा म्हणाला. तो फोटोकडे पाहत नव्हता, चटईकडे पाहत होता. "मी ब्रेक ओढला होता, शिटी धरून ठेवली होती. दुसरं काही हातात नव्हतं. त्या ट्रक मागे घ्यायला बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि..." तो थांबला. "त्यांनी मान लववली."

"काय?"

"अशी." त्याने हलकेच मान वाकवली, बाजारात कुणाच्या वाटेत आलो की आपण करतो तशी. "तुमचा खोळंबा झाला, माफ करा, असं म्हणतात ना, तसं. मग दाराला हात घातला. पण तेवढा वेळ नव्हता."

मला वाटलं, तोकुजी-सान आता कोसळतील. त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी उठले सुद्धा. पाहते तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसताहेत.

"वेडी," ते म्हणाले. "वेडी बाई. दुकानात फडताळाचा धक्का लागला तर फडताळाला वाकून माफी मागायची. मी म्हणायचो, अगं, लाकूड आहे ते! तर म्हणायची, म्हणून काय झालं? सुमिए, आठवतं ना तुला?"

मला आठवत होतं. मी मान हलवली.

"ती माफी मला सोसत नाही," इनादा म्हणाला. "मागायची ती मी. इथल्या वळणावर अजून माझे हात गार पडतात. नियमापेक्षा लांब शिटी देतो, वरचे बोलतात, पण हात सुटत नाही."

"रोज?"

"ज्या दिवशी या मार्गावर असतो, त्या दिवशी. दुसरा मार्ग देऊ म्हणाले होते. मी नको म्हणालो. का, ते मलाही सांगता येत नाही."

तोकुजी-साननी डबा उघडला. मग त्यांनी पुरणाची एक वडी फुसाएपुढे ठेवली, एक इनादाच्या हातात दिली. "खा," म्हणाले. "वाळलास किती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिक्का खिशात घालून हमासाकी-सानकडे निघाले. मीही बरोबर गेले, ते नको म्हणत होते तरी.

"कुठे मारायचा तो दाखव," ते हमासाकी-सानना म्हणाले.

"अरे! एकाएकी काय झालं?"

"तुझं तोंड बघायचा कंटाळा आला."

हमासाकी-साननी शाईची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली, आणि तोकुजी-सान शिक्का मारताना कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.

परत येताना ते मला म्हणाले, "मी तिथे उभा राहून तिला थांबवून धरत होतो, सुमिए. आणि तो पोरगा गार पडलेल्या हातांनी रोज तिथून जात होता."

मे महिन्यात कामगार आले. फळ्या उचलल्या, खांब उपटले, दोन्ही अंगांना तारेचं कुंपण घातलं. तोकुजी-साननी त्यांना भाताचे गोळे आणि गार चहा नेऊन दिला, आणि दिवसभर तिथेच दगडावर बसून राहिले. शिटीची पाटी सगळ्यात शेवटी निघाली. दुपारची गाडी आली ती एकदम वळणावर दिसलीच, कसलाही आवाज न देता. तोकुजी-साननी घाईघाईत टोपी काढली. चालवणारा इनादाच होता. त्याने पांढरा हातमोजा टोपीच्या कडेला लावला. गाडी गेली. टोपी पुन्हा कधी घालायची ते तोकुजी-सानना कळेना. ती हातातच घेऊन ते नदीकाठच्या रस्त्याने, लांबच्या वाटेने, घरी आले.

त्या उन्हाळ्यात ते फार थकले. वळसा होताच, पण मला वाटतं, दमणूक वेगळीच होती. संध्याकाळी पडवीत बसायचे आणि गाडीच्या वेळेला मान उचलायचे. रूळ वाजायचे, डबा जायचा. त्यांच्या चेहऱ्यावर एखादं नाव ओठांवर येऊन विसरल्यासारखं काहीतरी यायचं, आणि मग ते दिवा लावायला आत जायचे. मिहोको सुट्टी काढून काढणीला आली होती. बापलेक फारसं बोलत नव्हते, पण तिने आईची टोपी घातली होती आणि त्यांनी ती काढायला सांगितली नाही.

पुढच्या वसंतात बाग पांढरीशुभ्र झाली. नासपतीची फुलं हाताने माखावी लागतात. काठीला मऊ पिसं बांधायची, ती परागात बुडवायची आणि फुलाफुलावरून फिरवायची. एक जण शिडीवर, एक जण खाली फांदी वाकवून धरायला. मी मदतीला गेले होते. ऊन छान होतं, मधमाश्या कमी होत्या. सकाळपासून आम्ही एकमेकांशी कामापलीकडे बोललो नव्हतो.

"फुसाए," तोकुजी-सान वरून म्हणाले, "ती टोकाची फांदी जरा खाली घे गं."

वरची काठी थांबली.

"घेते," मी म्हणाले, आणि फांदी ओढून खाली धरली.

त्यांनी खाली पाहिलं नाही. थोड्या वेळाने पिसं पुन्हा फुलांवरून फिरायला लागली, आणि माझ्या डोक्यावर, खांद्यांवर पिवळा पराग पडत राहिला.