कार्डावर नसलेला बर्गर

मनसारामनं नऊ वर्षं लेकीच्या घरचं पाणी चाखलं नव्हतं. त्यांच्या मासेमार ढिवरांत रीतच तशी: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. इतरांचं वर्ष-दीड वर्षात निभावून जातं. नातू होतो, बाप जेवतो, विषय संपतो. रीताला मूल झालंच नाही. तरी मनसाराम आपला दर दोन महिन्यांनी मार्कंड्याहून चंद्रपूरला जायचा, वैनगंगेतले मासे तिच्या दारात ठेवायचा, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचा आणि स्टँडवर येऊन आलुबोंडा खायचा. त्याची बायको इंदिराबाई पहिल्याच वर्षी लेकीकडे पोटभर जेवून आली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. पण मनसाराम हट्टी, आणि आपल्या हट्टाला तो रीत म्हणायचा.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर रीतानं आणि जावयानं बर्गरचं हॉटेल काढलं. जावई स्वप्निल मोठ्या हॉटेलात आचारी होता, तिथं हात भाजून घेत शिकला होता. पाव घरचा, आतली टिक्की घरची, असा त्यांचा थाट. ही बातमी कळली आणि मनसारामच्या डोक्यात उजेड पडला. हॉटेल म्हणजे काही घर नव्हे! तिथं कोणीही जेवतं. रीतही राहील आणि लेकीच्या हातचंही मिळेल. आपल्या हुशारीवर तो एस.टी.त चंद्रपूरपर्यंत एकटाच हसत होता.

हॉटेल छोटंसंच होतं. उघड्या विटांची भिंत, बर्गरच्या नावांची छापील कार्डं, लाकडी टेबलांवर कॉलेजची पोरं. मनसारामनं माशांची थैली रीताच्या हातात दिली, खुर्ची ओढून बसला आणि भूक लागली, काही तरी दे म्हणाला. रीता त्याच्याकडे बघतच राहिली. मग थैली घेऊन आत गेली, ती अर्धा तास बाहेर आलीच नाही.

आली तेव्हा प्लेटमध्ये गरम पाव होता. पावात तांदळाच्या पिठात घोळून तळलेला रोहू, इंदिराबाई करते तसाच, आणि वर अंबाडीची चटणी. पोरं दोन्ही हातांनी धरून खात होती, तसं याला जमेना. त्यानं पाव उघडला, मासा बोटांनी मोडला आणि सवयीनं काटा चाचपला. रोहूत काटे किती असतात हे ढिवराला सांगायला नको. एकही सापडला नाही. लहानपणी रीताच्या ताटातले काटे तो असेच वेचून काढायचा. नऊ वर्षांत इतकं चांगलं तो काही जेवला नव्हता.

त्यानं हात धुतले आणि खिशातून नोट काढली.

"किती झाले?"

रीता हसली. "हा कार्डावर नाई, बाबा. तुमच्यासाठीच बनवला."

"तरी घे, बाई," तो मोठ्या समाधानानं म्हणाला. "पैसे देल्ले म्हंजे हे हॉटेल झालं. रीत मोडत नाई."

बाजूच्या टेबलावरची पोरं वळून बघू लागली. रीताचं हसू तिथंच थांबलं.

"म्हंजे तुमी माह्या घरी नाई जेवले."

"घरी कसा जेवीन?" तो बोलून गेला. पुढचं वाक्य त्यानं गिळलं, पण ते दोघांनाही ऐकू आलं. रीतानं नोट घेतली, गल्ल्यात टाकली आणि सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

घरी त्यानं हे सगळं इंदिराबाईला कौतुकानं सांगितलं. तिनं मासा कसा होता ते विचारलं, काट्यांचं ऐकलं आणि चुलीपुढून उठली.

"नऊ वर्षं तुमी तिले हेच सांगून राह्यले," ती म्हणाली. "आता चार लोकायसमोर सांगून आले."

तेव्हा कुठं मनसारामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण बाटलीतलं पाणी पीत असताना पोर काय बघत होती, ते त्याला आता दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. दर खेपेला आपण तिला वांझ म्हणून येत होतो, आणि वर तिच्यासाठी मासे नेत होतो.

पुढच्या महिन्यात तो गेला तेव्हा बाटली मुद्दाम घरी ठेवली. रीत गेली खड्ड्यात, असं म्हणतच तो हॉटेलात शिरला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं थैली काउंटरवर ठेवली.

"रीता, पाणी दे मले. आन मंग घरी चाल. घरी जेवतो तुह्या."

रीतानं त्याच्याकडे पाहिलं. थैलीचं तोंड उघडून तिनं मासे बघितले, ताजेच होते. मग तिनं गल्ला ओढला.

"किती झाले, बाबा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. नऊ वर्षं तो लेकीच्या दारात मासे ठेवत आला होता, पण त्यांचा भाव त्याला कधी सांगावा लागला नव्हता. तो काउंटरपाशी तसाच उभा राहिला. रीता पण गल्ला उघडा ठेवून थांबली.