चेपलेल्या कपातली घरटी

पुई-शाननं सोनेरी डबा टेबलावर ठेवला म्हणण्यापेक्षा आपटलाच. "वहिनी, पाकोळीची घरटी आहेत, पहिल्या प्रतीची. नासपतीत घालून नीट वाफव. तुझ्या काढ्यांनी आईचा खोकला दोन महिने गेला नाही, आता बघू कसा जात नाही."

मिउ-हिंग डबा उचलून स्वयंपाकघरात गेली. नणंदबाई दोन वर्षांनी शुन्डेला उगवल्या होत्या, त्याही आईला कायमचं जुहाईला न्यायला. उद्या सकाळची गाडी होती. वहिनी हेळसांड करते, असं तिनं आल्या आल्या शेजारणीलाही ऐकवलं होतं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मिउ-हिंगच या म्हाताऱ्या सासूचं करत होती आणि रोज तिच्याशी कडाकडा भांडत होती. म्हातारी गेली की या घरात भांडायलाही कोणी उरणार नव्हतं. तिला ते नको होतं, पण नणंदेसमोर हे कबूल करण्यापेक्षा तिनं जीभ चावून घेतली असती.

तिनं दोन घरटी पाण्यात टाकली आणि चार तासांनी चिमटा घेऊन बसली. पाकोळी आपल्या लाळेनं ही घरटी बांधते आणि त्या लाळेच्या तंतूंत पिसं गुंतलेली असतात, म्हणून चांगल्या बायका तंतू तंतू सोडवून पिसं वेचतात. तिला एकही पीस सापडलं नाही. दुकानातली साफ केलेली असतील असं वाटून तिनं डब्यातलं एक कोरडं घरटं उजेडात धरलं. दुकानात ती चंद्रकोरीसारखी मिळतात. हे गोल आणि खोल होतं, आणि एका बाजूला आत चेपलेलं होतं. तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तिथंच चेपलेली.

मिउ-हिंगनं फळीवरून सासूचा जुना चहाचा कप काढला. भट्टीतच एका बाजूनं दबलेला तो कप म्हातारी कोणाला टाकू देत नसे. घरटं त्यात चपखल बसलं.

सहा वर्षांपूर्वी पुई-शान बाळंत झाली तेव्हा म्हातारीनं पिसांसकट घरटी आणली होती. दुकानदारांनी साफ केलेल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. भर थंडीत नऊ दिवस खिडकीशी बसून तिनं पिसं वेचली, या कपात दाबून घरटी वाळवली आणि लेकीला पाठवली. मिउ-हिंगला हातही लावू दिला नव्हता. तुझ्या हातांना धीर नाही, म्हणाली होती. आणि महाराणींनी ती शिजवलीच नव्हती. नवा डबा, नवी फीत, आणि भेट म्हणून परत!

मिउ-हिंगला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आत्ताच जाऊन नणंदेच्या तोंडावर डबा फेकावा, असंही तिला वाटलं. मग तिनं विचार बदलला. खुद्द म्हातारीलाच कळू दे, तेही लेक समोर बसलेली असताना.

तिनं नासपतीचं डोकं झाकणासारखं कापलं, चमच्यानं गाभा कोरला, तंतू भरले, फळ झाकणाच्या वाडग्यात ठेवून मंद आचेवर वाफवलं. खडीसाखर शेवटी घातली, आधी घातली की तंतू फुलत नाहीत. इतक्या निगुतीनं तिनं वर्षभरात काही केलं नव्हतं.

म्हातारीनं दोन चमचे खाल्ले. वहिनीनं घरटं हात राखूनच घातलंय, असा शेरा पुई-शाननं मारला. म्हातारी जिभेनं पीस शोधत चावत राहिली, एकही लागलं नाही.

"कुठून आणलीस?" तिनं विचारलं.

"आमच्या घराखालच्या दुकानातून. एकेक स्वतः निवडून घेतलं."

"मिउ-हिंग, माझा कप आण. आणि एक कोरडं घरटं."

म्हातारीनं न बघता, नुसत्या बोटांनी घरटं फिरवून कपात बसवलं. पुई-शानचा चेहरा उतरला. बाळ झालं तेव्हा घरी इतकं काही येत होतं, राहूनच गेली, असं काहीतरी ती पुटपुटली.

"नऊ दिवस लागले होते," म्हातारी म्हणाली. "उद्याची गाडी तू एकटीच धर."

मिउ-हिंग वाडगा उचलायला वाकली. हसू लपवायचा तिनं फारसा प्रयत्न केला नाही. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"तुला कधी कळलं?"

"दुपारी."

"आणि तरी शिजवून आणलंस. पोरीसमोर बसवून मला खायला घातलंस, माझं तोंड कसं होतं ते बघायला."

"आई, तुम्हाला खरं कळावं म्हणून..."

"एकटीला सांगितलं असतंस तरी कळलं असतं. मी माझ्या घरात राहतेय. तुझ्यासाठी नाही."

सकाळी पुई-शान गेली. मिउ-हिंगनं सासूपुढे पेज ठेवली. त्यात मीठ टाकायला ती विसरली होती, आणि एरवी तेवढ्यावरून दुपारपर्यंत जुंपली असती. म्हातारीनं मुकाट्यानं पेज संपवली, वाडगा पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्या दिवसापासून ती मिउ-हिंगशी कधी भांडली नाही.