मास्तर आत आहेत

"हे इंजेक्शन मी दिलंय. मग इथे मास्तरांचं नाव कसं?" संगणक विभागाच्या दारातच उभी राहून सिस्टर विचारत होती.

आत बसणारीला सगळं हॉस्पिटल कॉम्प्युटरवाली म्हणायचं. मास्तर तिच्या आधी याच खुर्चीत होते. काम तिला त्यांनीच शिकवलेलं. ते वारले त्याला महिना झाला होता.

दुपारपर्यंत औषध विभागातून तीच तक्रार आली, मग लॅबमधून. नाव क्षणभर उमटायचं आणि जायचं. लॅबवाला रिपोर्ट सोडायलाच तयार होईना. उद्या भलत्याला भलतं औषध गेलं तर काय, असं अधीक्षकांनी हळू आवाजात विचारलं.

लॉगिनचा कोड मास्तरांनी एकदाच लिहिला होता. औषधं, लॅब, वॉर्ड, सगळी ॲप्लिकेशन्स तो एका पेरेंट क्लासकडून, म्हणजे एकाच मूळ कोडकडून, वारशाने घ्यायची. तिने तो उघडून वाचला. लॉगिन करून आत आलेला माणूस कोण, हे पेरेंटमध्येच एका जागी साठवलेलं होतं आणि ती जागा त्याच्या सगळ्या लेकरांत, म्हणजे या ॲप्लिकेशन्समध्ये, सामाईक होती. ॲप्लिकेशन्स वेगवेगळ्या मशीनवर होती तोवर निभावलं. गेल्या आठवड्यात तिनेच ती एका सर्व्हरवर आणली आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटू लागलं.

कारण सापडल्यावर तिला हायसं वाटलं. पण नाव उमटायला माणूस आधी आत असावा लागतो. तिने लॉगिनची यादी पाहिली. मास्तर आत होते. त्यांच्या घरून.

दार त्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. जेवणाच्या टेबलावर मास्तरांचा लॅपटॉप चालू होता. ते आजारी पडून अॅडमिट झाले त्या दिवसापासून तो तसाच आहे, काकू सांगू लागल्या. त्या नुसता चार्जर लावून ठेवायच्या. हा आठवडा मात्र त्या समोरून हललेल्या नव्हत्या.

"त्यांच्या नावाच्या जागी मधेच दुसरी नावं येतात बघ. कधी सिस्टर, कधी लॅबवाला. मला वाटलं, माणसं भेटायला येतायत."

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात सिस्टरचं नाव उमटलं. काकूंनी ओळखीचं हसून मान हलवली. लगेच मास्तर परत आले.

कॉम्प्युटरवालीने त्यांना सगळं समजावलं. तिकडचं नाव इकडे कसं येतं, इकडचं तिकडे कसं जातं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे हेही तिकडे जाऊन येत होते," त्या म्हणाल्या.

कोड मी आज दुरुस्त करीन, पण हे बंद करावं लागेल, एवढंच ती कशीबशी म्हणाली. तिने हात पुढे केला, तोवर काकूंनी माउस आपल्याकडे ओढला होता. 'बाहेर पडा'वर त्यांनी स्वतःच क्लिक केलं.

स्क्रीन पांढरा झाला. मध्ये एक रिकामी चौकट आली. वर लिहिलं होतं, 'आपलं नाव'.

काकूंनी ते पुटपुटत वाचलं, की-बोर्डवर बोटं टेकवली, आणि तशाच बसून राहिल्या.