गिअरच्या हबचं कोरडं पोट

मी सायकलच्या मागच्या चाकात बसलेला गिअरचा हब बोलतोय. बाहेरून चकचकीत डबा. सगळी दातेरी चाकं माझ्या पोटात. दिसत नाहीत, म्हणून माझ्या मालकाच्या, शंतनुच्या लेखी ती नव्हतीच.

शंतनु पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेला. मला घेतलं ते मिरवायला. गाड्या धुण्याच्या दुकानात नेऊन माझ्यावर जोराच्या पाण्याचा फवारा मारायचा, मग फडक्याने घासायचा. पाणी पोटात शिरे, ग्रीस वाहून जाई, गंज चढे. त्याला काय त्याचं! माझ्या पाठीत स्वतःचं तोंड दिसलं की स्वारी खूश.

चालवायची मात्र त्याची बायको, वल्लरी. ती इंदूरचीच, सिमरोलकडच्या कॉलेजात शिकवायला सायकलने जायची. एकदा म्हणाली, "अरे सुन ना, चढावर पायडल एकदम खाली जातंय. हब खोलवून घे, मजाक नाहीये हा."

"सीलबंद असतं ते! तुला गिअर बदलता येत नाहीत, एवढंच."

चार व्हिडिओ पाहिलेल्या माणसाचा आवाज! मला त्याची कीवही आली नाही, किळस आली.

आठवड्याभरातच सिमरोलच्या चढावर पायडलचा जोर चाकाला देणारे माझे आतले खटके गंजून चिकटले. वल्लरीने उभं राहून जोर लावला, पायडल रिकामं फिरलं आणि ती रस्त्यावर आपटली. मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. खांद्याचं हाड मोडलं. फोन जाताच शंतनु धावत आला. आधी मला न्याहाळलं, मग तिला.

ते तिने पाहिलं.

खांदा बरा झाल्यावर तिने स्वतःच मला खोललं. तपकिरी चिखल निघाला. तिने एकेक दाता रॉकेलने धुतला, वाळवला. बेअरिंगच्या छर्‍यांना ग्रीस लावलं, खटक्यांना मात्र पातळ तेल, कारण ग्रीसने ते पुन्हा चिकटतात. शंतनु दारातून बघत होता.

"एवढं सगळं आत असतं?"

तिने झाकण घट्ट आवळलं.

आता मी लोण्यासारखा फिरतो. परवा घरी पाहुणे आले, तर हा माझ्यावर थाप मारून इंदुरी थाटात म्हणतो, "सर्व्हिसिंग आम्ही घरीच करतो, भिया!"

"आम्ही म्हणजे कोण रे?" वल्लरीने आतून विचारलं.

साहेबांनी शेवेची बशी पुढे सरकवली.

तर घासणाऱ्यांनो, वर्षातून एकदा आमचं पोट उघडा. तेवढी अक्कल नसेल, तर निदान सायकल जी चालवते तिचं ऐका.