जित्याचा सांगावा

विमान थांबलं.

धूळ थांबेना.

चाकं न उघडता पोटावर घसरत आलेलं विमान नांदेडच्या धावपट्टीच्या कडेला, वाळल्या गवतात, एक पंख रुतवून तिरकं पडलं होतं. आतली माणसं एकेक करून बाहेर येत होती. कुणी मेलं नव्हतं. पण हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच रडत होते.

व्यंकटला दोघांनी उचलून बाभळीखाली आणून ठेवलं. लातूर हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा पाणीपुरवठ्याच्या नव्या कचेरीत लागलेला हा ओव्हरसिअर. बोअरच्या यंत्राचं खडक फोडणारं बिट मोडलं होतं, अहमदपूर तालुक्यातलं काम बंद पडलं होतं, म्हणून साहेबांच्या तिकिटावर तो मुंबईहून नवं बिट घेऊन येत होता. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता. बिट पायाशी ठेवलेलं. विमान घसरलं तसं तेही घसरलं आणि व्यंकटच्या उजव्या नडगीवर येऊन थांबलं.

दुष्काळी फेऱ्यांवरचे दोन टँकर रस्त्यावरूनच वळवून आणले होते. पंखाखालच्या धुरावर पाणी सोडलं जात होतं. कुंपणापलीकडे बाया उभ्या होत्या, त्या विमानाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होत्या.

"नागप्पा, ही खेप कोणत्या गावची होती?" व्यंकटनं विचारलं.

नागप्पा म्हणजे कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर. देगलूरकडचा. व्यंकटला न्यायला आला होता आणि कुंपणावरून उडी मारून आत घुसला होता.

"साब, तुमचा पाय बघा कुणीकडं चाललाय. गावाची फिकीर उद्या करा."

*

दवाखान्यात डॉक्टर घाईत होते.

"पाय वाचेल. पण आजच उघडावा लागेल. आणि रक्त लागेल. होतं ते बाकीच्यांना लागलं. घरचं कुणी जवळ आहे?"

व्यंकटनं नागप्पाकडं बघितलं.

"माय चाकूरकडं, गावात," नागप्पा म्हणाला. "लई लांब पडतं. बहीण हाय, बिलोलीला."

"मग आणा तिला."

"येणार न्हाई."

"भाऊ आहे ना तिचा?"

"म्हणूनच तर."

*

म्हणजे झालं होतं असं, की मागल्या महिन्यात एका वस्तीवर टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या व्यंकटच्या डोक्यावर कावळा पंजा मारून गेला, आणि कावळा शिवला म्हणजे मरण बघून गेलं, ते टाळायचं तर जिवाभावाच्या माणसाला खोटा सांगावा धाडायचा, की अमका गेला, मग ते माणूस मोकळं होऊन रडलं की आलेलं मरण त्या रडण्याबरोबर वाहून जातं, असं त्यांच्या घरात धरतात, म्हणून त्याच्या मायनं, तुळजाबाईनं, कुणाला न विचारता नागप्पाला गाठलं, लेकीकडं बिलोलीला पिटाळलं, आणि नागप्पा तिथं जाऊन इतका सुरेख रडला की उमाबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून एस.टी.त बसली, सगळ्या वाटेनं तिनं भावाचं तोंड आठवायचा प्रयत्न केला आणि ते तिला आठवेना, चाकूरच्या स्टँडवर ती पडली, उठली, गावात शिरल्यापासून ऊर बडवत दारात आली, तेव्हा व्यंकट पिठल्याचा हात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "अक्का, कधी निघालीस?"

गल्ली हसली.

तुळजाबाई म्हणाली, "रडलीस ना? टळलं बघ. तूच खरी रडशील म्हणून तुलाच धाडला सांगावा."

"माझा जीव काय वाटेत पडलाय, माय?" उमाबाई म्हणाली. मग भावाकडं वळली. "आता खरंच मेलास तरी येणार न्हाई. आणि ह्या दारात तर न्हाईच न्हाई."

*

बिलोलीच्या बाहेर, दुष्काळी कामावर, बाया गिट्टी फोडत बसल्या होत्या.

"उमाबाई, नांदेडला इमान पडलं म्हणं."

"पडू दे."

"तुझा भाऊ मुंबईहून इमानानं येणार व्हता ना? तूच सांगितलंतंस."

"मला मायच्या गावच्यांनी सांगितलं. काय ठावं खरं का खोटं."

"अगं, हाटेलात रेडिओवर सांगून राहिले."

"माझ्या मायनं रेडिओला पढवलं असंल."

"कसली गं बाई तू! दोन टिपं तरी काढ."

"काढलीत. मागल्या महिन्यात. आगाऊ."

हातोडी चालू होती. फक्त तिच्यापुढची गिट्टी आता गिट्टी राहिली नव्हती. फोडलेलंच ती पुन्हा फोडत होती. वाळू झाली तरी फोडत होती. शेजारच्या बाईनं हळूच आपला एक मोठा दगड तिच्यापुढं सरकवला.

*

जीप दिसली तशी उमाबाई हातोडी घेऊन उभीच राहिली.

"आला गं, रडका आला! या नागप्पा. बसा. काढा गळा. आज कसं काय जमतंय बघू."

नागप्पानं तोंड उघडलं. वाटभर त्यानं शब्द जुळवले होते, ते सगळे धुळीनं खाल्ले. मागल्या वेळी डोळ्यांतून धारा काढल्या होत्या. आज खरं असून डोळे कोरडे ठाक.

"अक्का, येंकटराव साब..."

"मेला."

"न्हाई."

"मग?"

"जित्ते हायत."

हातोडी खाली आली.

"काय म्हणलास?"

"जित्ते हायत. पाय मोडलाय. आज कापून बसवायचाय म्हणं. रक्त पायजे. तुमचं." त्यानं डोकं पुढं केलं. "तुमी मारा मला पाहिजे तर. पण आधी जीपमध्ये बसा, वाटेत मारा."

उमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. खोटा सांगावा मरणाचा असतो. जिवंत माणूस जिवंत हाय असा खोटा सांगावा कुणी कशाला धाडंल? त्यानं कुठलं मरण टळतंय? म्हणजे हा खरं बोलतोय. म्हणजे विमान खरंच पडलं. म्हणजे तो त्यात खरंच होता, आणि ती सकाळपासून इथं बसून...

ती मटकन बसली आणि असा हंबरडा फोडला की मुकादम सावलीतून पळत आला.

मघाशी रड म्हणणाऱ्या सगळ्या बाया तिला गप्प करायला लागल्या.

"अगं जित्ता हाय म्हणतोय तो! आता कामून रडतीस?"

"रडू द्या मला! जित्ता हाय तर रडू द्या!"

रडतच ती जीपमध्ये चढली. मागच्या सीटपाशी नागप्पानं विमानातून काढून आणलेलं बिट पडलं होतं. तिनं ते पायानं लांब सरकवायला बघितलं, सरकलं नाही.

*

"अक्का, आलीस?"

"तुझ्यासाठी न्हाई आले. सरकारी जीप फुकट व्हती म्हणून बसले."

"रडलीस म्हणं."

"नागप्पा खोटारडा हाय, ठावं न्हाई का तुला?"

व्यंकट हसला आणि हसताना पाय दुखला म्हणून ओरडला. नर्सनं दोघांनाही दटावलं. उमाबाईचं रक्त तपासून आलं, जुळलं. दंडाला सुई लागली तसं तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "किती लागंल तितकं घ्या. पण त्याला आत नेताना मला सांगून न्या. खरं खरं सांगा. पाय गेला तर गेला म्हणून सांगा."

दिवस मावळायच्या आधी डॉक्टर बाहेर आले. ते थकले होते, त्यामुळं थोडकंच बोलले.

"पाय राहिला. सहा महिने काठी. मग बघू."

उमाबाईनं हे त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग नर्सकडून. मग झाडणाऱ्या बाईकडून.

*

सकाळी व्यंकट शुद्धीवर होता.

"मायला कळलं असंल का?"

गावात एकच रेडिओ, तोही बिघडलेला. पण आज ना उद्या कुणीतरी बाजारातून खबर नेणार आणि ती नेताना वाटेत माणसं मारणार.

"नागप्पा, जा बाबा," व्यंकट म्हणाला.

"मी एकटा?" नागप्पानं कानाला हात लावला. "मला बघितलं की मायला आधी वाटंल खोटं, मग वाटंल खरं. दोन्हीकडनं मरण. मी न्हाई जात."

दोघंही उमाबाईकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघता? मी त्या दारात जात न्हाई, सांगितलंय."

व्यंकटनं पाणी मागितलं, तिनं पाजलं. ओल्या हातानं त्याचे केस मागं सारले. चाकूरच्या स्टँडपासून गावापर्यंतचा रस्ता तिला तोंडपाठ होता. मेलेला भाऊ डोक्यात घेऊन तो रस्ता कसा चालावा लागतो, हे त्या घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. साठी ओलांडलेल्या मायनं तो चालावा?

"ऊठ रे रडक्या," ती म्हणाली. "गाडी काढ."

अहमदपूरला त्यांनी बिट उतरवलं. यंत्रावरची माणसं ते हातोहात घेऊन पळाली, चहालाही थांबली नाहीत.

*

गावाची शीव लागली तशी उमाबाई जीपमध्ये उभी राहिली. एका हातानं दांडा धरला आणि ओरडायला लागली.

"येंकट जित्ता हाय! आमचा येंकट जित्ता हाय हो!"

बोअरपाशी रांगेत बसलेली माणसं उठली.

"काय म्हणून राहिली ती?"

"येंकट जित्ता हाय म्हणती."

"मेलता कधी?"

"काय की. पण चला."

माणसं जीपच्या मागं चालायला लागली. कुणी घागर घेऊनच निघालं. दगडोबा पाटलानं विचारलं, झालं काय, तर त्यालाही तेच सांगितलं गेलं, की व्यंकट जित्ता आहे. तोही ओरडायला लागला. नागप्पानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत निम्मं गाव एकच गोष्ट मोठमोठ्यानं सांगत होतं आणि काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

तुळजाबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. डोळ्यांवर हात धरून तिनं ती गर्दी बघितली.

"कुणाची वरात आली गं?" तिनं विचारलं.

उमाबाई जीपमधून उतरली आणि त्याच दाराची पायरी चढली.