इसहाकभाईंचा शेवटचा रिपोर्ट

इसहाकभाई परकार पूर्वी गुप्तहेर होते असं सांगितलं की लोक फिदीफिदी हसायचे. हसू देत बापडे! माझगावला जिन्याखालच्या खोलीत त्यांची पाटी तीस वर्षं लटकत होती, ती काय उगाच? एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीला टेकवलेली काळी छत्री. खून, दरोडे असलं काही त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. त्यांचं काम एकच, लग्नाआधीची चौकशी. मुलगा बोटीवर आहे म्हणतात, तर खरंच आहे का? पितो का? आधीची एखादी बायको कुठे लपवलेली नाही ना? मुलीच्या बापाने नाव सांगायचं आणि इसहाकभाईंनी छत्री उचलायची.

पण ते मुलाला कधी भेटायचे नाहीत. ते गाठायचे त्याच्या धोब्याला, न्हाव्याला, नाक्यावरच्या चहावाल्याला. "माणूस स्वतःबद्दल थापा मारतो," ते म्हणायचे, "पण त्याच्या धोब्याला थापा मारायचं काही कारणच नसतं." संध्याकाळी घरी येऊन ते तोंडी सांगायचे आणि त्यांची बायको इस्मत सुवाच्य अक्षरात रिपोर्ट लिहायची. तिचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. लिहिता लिहिता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "अवो, पोरीच्या बापाला जरा कमी घाबरवा की." पण इसहाकभाई बधायचे नाहीत. "खरं ते खरं. लिही तू."

मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजानंतर इस्मत शेगडीत निखारे घेऊन त्यावर लोबान टाकायची आणि ती खोलीभर फिरवायची. तो वास त्यांच्या शर्टांत, रिपोर्टांच्या कागदांत, सगळ्यात भिनलेला असायचा. इस्मत गेली आणि रिपोर्ट लिहायला हात उरला नाही. इसहाकभाईंनी पाटी उतरवली. रत्नागिरीजवळच्या गावच्या घरात एकटं बसून करायचं काय? जावयाने व्हिसा काढला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हा गुप्तहेर सौदीत हाइलला स्टोअरकीपर झाला. आहे की नाही नशिबाची गंमत!

हाइलच्या बाहेर वाळवंटात गहू पिकवायची टूम निघाली होती, आणि पाण्याची यंत्रं बसवायला एक फ्रेंच कंपनी आली होती. त्यांच्या कॅम्पला आपली पोरं 'छोटा फ्रान्स' म्हणायची. खोटं नाही, गावच होतं ते. पाव भाजायची भट्टी होती, मध्यभागी चौक होता, आणि शुक्रवारी त्या चौकात गोरे म्हातारे लोखंडी गोळे फेकून खेळायचे आणि एकमेकांशी कडाकडा भांडायचे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरून पत्र आलं नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. इसहाकभाईंना आपल्या गावची आठवण व्हायची.

त्यातला लुसियाँ त्यांचा दोस्त. पंपांचा म्हातारा मेकॅनिक, बायको वारलेली, फ्रान्समधल्या कुठल्याशा चिमुकल्या गावात एकुलती मुलगी. दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे बोलणं झकास चालायचं. इसहाकभाई त्याला माझगावच्या चौकशा रंगवून सांगायचे आणि लुसियाँ गुडघ्यावर थाप मारून हसायचा. तो त्यांना 'डिटेक्टिव्ह' अशीच हाक मारायचा. त्या परमुलखात त्यांचा जुना हुद्दा आठवणीने घेणारा तेवढा एकच माणूस होता.

नव्वद सालच्या डिसेंबरात हाइलला हाडं गोठवणारी थंडी पडली. लुसियाँच्या खोलीतला विजेचा हीटर बिघडला आणि त्याचा सुटा भाग काही येईना. तिकडे इराकने कुवेत गिळलेलं, बंदरं फौजांच्या सामानाने भरलेली, तुमच्या हीटरला विचारतो कोण! म्हातारा रात्रभर कुडकुडायचा. इसहाकभाईंना राहवेना. त्यांनी स्टोअरमधली एक लोखंडी शेगडी काढली, बुडाला आपली पांढऱ्या रंगाची खूण केली, निखारे भरले, वर चिमूटभर लोबान टाकला आणि नेऊन दिली. "माझी बायको अशी लावायची," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी लुसियाँ हसतच आला. महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोप लागली म्हणाला. इसहाकभाईंना इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

मग जानेवारीत लढाईला तोंड फुटलं. रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली, विषारी वायू येणार अशी आवई उठली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. हुकूम आला की प्रत्येकाने आपली खोली चिकटपट्टीने बंद करायची. खिडकी, झरोका, दाराच्या फटी, सगळं. पट्ट्या वाटल्या इसहाकभाईंनीच. लुसियाँने आधी थट्टा केली, पण एक दिवस गुपचूप येऊन तोही चार रिळं घेऊन गेला.

आता या गोष्टीतला तिसरा माणूस. शौकत, कॅम्पचा आचारी, दापोलीकडचा. हाताला चव अशी की फ्रेंचांनी बोटं चाटावीत, आणि राग मात्र सदा नाकावर. या शौकतची चौकशी माझगावात इसहाकभाईंनीच केली होती बरं का! सादिया नावाच्या पोरीच्या बापाने पाठवलं होतं. इस्मतच्या अक्षरातली रिपोर्टची शेवटची ओळ त्यांना अजून पाठ होती: 'मुलगा तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही. बिनधास्त पोरगी द्या.' सादियाला आता सातवा महिना होता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी लुसियाँने मेसमध्ये कांद्याचं सूप खारट म्हणून ताट सरकवलं. झालं! शौकत भडकला. वीस माणसांसमोर ओरडला, "ऐसे ही भूखा मरेगा तू एक दिन!" लुसियाँ तरातरा निघून गेला. अर्ध्या तासात शौकतचा राग उतरला, लाजही वाटली. त्याने नवं सूप केलं, स्वतः खोलीवर नेऊन दिलं, म्हाताऱ्याने ते संपवेपर्यंत दारात उभा राहिला आणि वाडगा परत आणून घासून ठेवला. खरकटं भांडं राहू द्यायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण.

सकाळी लुसियाँ कामावर आला नाही. दार आतून पट्टी लावून घट्ट झालेलं. कॅम्पचा सुतार धोंडीराम, रायगडचा, त्याने पहार घालून ते उघडलं. म्हातारा अंथरुणात शांत पडला होता. अंग थंडगार, आणि गाल मात्र एखाद्या लग्नाच्या नवऱ्यासारखे गुलाबी.

पोलीस आले. भांडण वीस जणांनी ऐकलेलं, सूप एकट्यासाठी केलेलं, आणि वाडगा घासून लख्ख! विष घातलं म्हणून शौकतला गाडीत घातलं. तो जाता जाता ओरडत होता, "चाचा, तुम्ही मला ओळखता! तुम्ही सांगा ना यांना!"

ते शब्द इसहाकभाईंच्या काळजात रुतले. या देशात खुनाला एकच शिक्षा, तलवार. इस्पितळात तपासणीला माणसं अपुरी, नमुने रियाधला जायचे, आणि रियाधला कोणाला फुरसत? तोवर पोराचा कबुलीजबाब लिहूनही झाला असता. त्यांनी 'बिनधास्त' लिहून दिलेला मुलगा होता तो. सादियाच्या बापाला काय तोंड दाखवणार होते? त्यांचा स्वतःचा पासपोर्ट एक्झिटचा शिक्का होऊन पेटीत पडला होता, विमानं सुरू झाली की कायमचं घरी जायचं होतं. तो विचार बाजूला ठेवून ते जुन्या पद्धतीने कामाला लागले. म्हणजे काय, तर मेलेल्या माणसाच्या आसपासच्या लहान माणसांना विचारायचं.

लाँड्रीवाल्याने सांगितलं, साहेबाच्या कपड्यांना हल्ली लोबानाचा वास येई. इसहाकभाईंना भरून आलं, पण त्यात नवं काही नव्हतं. मग ते फाटकावर अलीला भेटायला गेले. अली हा इथलाच म्हातारा बदू, वाळवंटात तंबू ठोकून राहणाऱ्या भटक्या जमातीतला, आता पहारेकरी. तो नेहमीप्रमाणे केबिनच्या बाहेर शेगडी मांडून, अंगाला घोंगडं लपेटून बसला होता. दोन हिवाळे इसहाकभाई हे बघत होते आणि मनात म्हणत होते, काय खुळा आहे! शेगडी बाहेर वाऱ्यात आणि केबिन आत बर्फ!

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विचारलं. मोडक्या अरबीत म्हणाले, "अली, ही आत का नेत नाहीस?"

अलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पोरानेही असं विचारू नये. "बंद जागेत कोळसा माणूस खातो," तो म्हणाला. "माझा चुलता तंबूची कनात बांधून, आत निखारे ठेवून झोपला होता. सकाळी नेला त्याला. गाल बघशील तर गुलाबासारखे. खलास."

इसहाकभाईंना लुसियाँचे गाल आठवले.

कोकणातल्या माणसाला हे ठाऊक असणार तरी कुठून? आमच्या घरावर कौलं. शेगडी माजघरात रात्रभर धगधगली तरी धूर आणि धग कौलांच्या फटींतून निघून जाते. बाळंतिणीच्या खाटेखाली आम्ही निखारे ठेवतो आणि पोरं सुखात वाढतात. शेगडीने कोणी मेल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. लुसियाँही इतके दिवस दाराखालच्या फटीने वाचला होता. त्या रात्री ती फट बुजली, आणि बुजवायची पट्टीही त्यांनीच दिली होती. आधी शेगडी, मग पट्टी, दोन्ही त्यांच्याच हातची!

पण त्या खोलीत पोलिसांना शेगडी सापडली कशी नाही? इसहाकभाई धडपडत स्टोअरमध्ये आले. मागच्या फळीवर, आपल्या जागी, पुसून ठेवलेली शेगडी होती. त्यांनी ती उलटी केली. बुडाला पांढरी खूण. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दोन दिवस ते त्या फळीसमोरून ये-जा करत होते.

त्यांनी धोंडीरामला बोलावलं. तो बिचारा लगेच बोलला. "भाई, दार फोडल्यावर पायात आली म्हणून मी बाहेर ठेवली. मग बघतो तर पोलीस चमचासुद्धा यादीत लिहितायत. म्हटलं, तुमची खूण आहे, जायच्या वेळी तुम्हाला कशाला लचांड? म्हणून आणून ठेवली हो गपचूप."

इसहाकभाईंनी त्याला सगळं समजावलं. धोंडीरामचा चेहरा पांढराफटक पडला. दार लावून घेत तो म्हणाला, "मग आता तोंड उघडू नका. शौकतचं आज ना उद्या खरं कळेलच. तुम्ही बोललात तर तुम्हीच आत जाल. साठीला आलात, भाई. घर गाठा."

खोटं कशाला सांगा, इसहाकभाईंच्या मनात ते आलं. एक रात्रभर त्यांना गावचं घर दिसत राहिलं. पडवी, विहीर, इस्मतच्या कबरीजवळची जांभळी. पण सकाळी उठून त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात रिपोर्ट लिहिला, जुन्या पद्धतीने. व्यक्तीचे नाव: इसहाक परकार. चौकशी कोणाकडे केली: लाँड्री, पहारेकरी, सुतार. निष्कर्ष: 'माणूस वाईट नाही. पण लुसियाँ याच्या हातून मेला.' खरं ते खरं, इस्मत.

शेगडी काखेत मारून ते ठाण्यावर गेले. मराठी कागद कॅप्टनला काय कळणार, त्यांनी तोंडीच सगळं सांगितलं. कॅप्टन हाइलचाच होता. कोळसा म्हणताच तो ताठ झाला, इस्पितळात फोन फिरवला. गालांचा रंग, रक्ताचा रंग, सगळं जुळलं. संध्याकाळी शौकत सुटला, आणि इसहाकभाई त्याच्याच जागी बसले. "चूक असली तरी जीव गेला आहे," कॅप्टन नरमाईने म्हणाला. "मेलेल्याचे वारस माफ करतात की भरपाई मागतात ते कळेपर्यंत तुला इथून हलता येणार नाही."

शौकत रोज डबा घेऊन यायचा. आल्या आल्या रडायचा, मग भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायचा. इसहाकभाई दोन घास खाऊन डबा झाकायचे. त्यांना कैदेचं दुःख नव्हतं हो. आपला दोस्त आपण मारला, हे आतून कुरतडत होतं. लढाई संपली, कुवेत सुटलं, रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजले, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मार्चमध्ये कॅम्पचा मॅनेजर फ्रान्सहून आलेला फॅक्स घेऊन ठाण्यावर आला. लुसियाँच्या मुलीचा. त्याने तो इंग्रजीत वाचून दाखवला. तिची काही तक्रार नव्हती. पपांनी शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, की इथे एक म्हातारा डिटेक्टिव्ह आहे, त्याने मला त्याच्या बायकोची आग दिली आणि आता मला झोप लागते. शेवटी तिने एकच विचारलं होतं. त्या रात्री पपांना थंडी वाजत नव्हती ना?

"नाही," इसहाकभाई म्हणाले. "नाही, बेटी. ऊब होती. वासही होता." आणि इतके दिवस कोरडा राहिलेला तो माणूस ठाण्याच्या बाकावर ओक्साबोक्शी रडला. कॅप्टन उठून बाहेर गेला.

त्याला बरीच वर्षं झाली. इसहाकभाई गावी परतले, मुलगा-सूनही सोबतीला येऊन राहिले. शौकतचा मुलगा सुट्टीत त्यांना भेटायला यायचा आणि 'डिटेक्टिव्ह आजोबा' म्हणायचा. मगरिबनंतर ते इस्मतची शेगडी पेटवायचे, लोबान टाकायचे, पण आधी दार आणि दोन्ही खिडक्या सताड उघडायचे. पावसाची झड आत आली तरी उघड्याच. सून कुरकुरायची, "मामू, सगळं घर भिजतंय!" ते म्हणायचे, "भिजू दे गो." आणि धूर कौलांतून बाहेर जाईपर्यंत वर बघत बसायचे.