लिफ्टमधली दुसरी रहिवासी

लिफ्टमधला आवाज शेवटी बदलला. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आता तो बदललाच नाही असं समजून पुढे वाचा. मिस्त्रीही तसंच समजतात.

मिस्त्री म्हणजे ही लिफ्ट बसवणारे. आता निवृत्त होऊन चौथ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. लिफ्टमध्ये "दार बंद होतंय, हात सांभाळा" म्हणणारा आवाज त्यांच्या बायकोचा, आणि भाषाही तिचीच. ती तेव्हा कंपनीत टायपिस्ट होती, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी सर्दी न झालेलं तेवढं एकच माणूस कंपनीत होतं. ती जाऊन सात वर्षं झाली, पण हात सांभाळायला सांगायची काही थांबली नाही. मिस्त्री दरवेळी म्हणतात, "हो गं, सांभाळतोय."

मग सोसायटीनं नियम काढला. निदान दोन रहिवासी जी भाषा आपसात बोलतात, तीच लिफ्टमध्ये राहील. सेक्रेटरी मिस्त्रींचाच मुलगा.

"अरे, दुसरा तू आहेस की! तुझ्या आईची भाषा."

"बाबा, मला समजते. बोलता येत नाही."

"लहानपणी बिस्किटासाठी भाषणं ठोकायचास!"

"तेव्हा बिस्किटापुरती येत होती."

या मुलानं कॉलेजात असताना नव्या भाषेसाठी मोर्चे काढले होते, जुन्या पाट्यांना डांबर फासलं होतं. हल्ली त्याची मुलगी फोनवर तिसऱ्याच भाषेत खिदळते. तेव्हा तो दार लावून घेतो आणि संस्कृतीवर लेख लिहितो.

मिस्त्रींनी मग नातीला गाठलं. ती म्हणाली, "त्यात काय आजोबा, ॲपवर शिकते." पंधरा दिवस शिकली. तपासणीला कमिटी रजिस्टर घेऊन लिफ्टमध्ये दाटीवाटीनं उभी राहिली. नात आजीच्या भाषेत खणखणीत बोलली, "घोड्याला माझी छत्री आवडते."

मिस्त्रींना गहिवरून आलं. "कधीपासून?"

नातीनं फोन काढून ॲप चाळलं. ते पुढच्या धड्यात होतं.

"हा संवाद धरायचा का?" खजिनदारांनी विचारलं.

"नाही," सेक्रेटरी म्हणाला. "बाबा, जगाबरोबर चालायला हवं."

हे वाक्य मिस्त्रींचंच होतं. लग्नाच्या आठवड्यात त्यांनी ते स्वतःच्या आईला ऐकवलं होतं, आणि तिची भाषा सोडून बायकोची धरली होती. आई पुढे अकरा वर्षं त्या घरात राहिली, प्रत्येक गोष्टीला हसून मान हलवत. चहा हवा का विचारलं तरी, घराला आग लागली म्हटलं तरी.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी अर्ज लिहिला:

"मा. सेक्रेटरी (चि.) यांस,

सदर लिफ्ट तीस वर्षं याच इमारतीत राहते. ती बोलते, मी उत्तर देतो. सबब तिला नियमातील दुसरी रहिवासी धरण्यात यावे. तिला पार्किंग नको.

तसेच तळमजल्यावर दार उघडल्यावर लिफ्टने अकरा सेकंद काहीही बोलू नये, ही विनंती. ती जागा माझ्या आईची आहे. तिची भाषा आता मलाही येत नाही."